सहाशे तेरावा संदर्भ

प्रिय आत्या,

तुझ्या मजुरीवरच्या लेखाचा आजवर सहाशे बारा अभ्यासकांनी आधार घेतला. त्यातले आकडे तुला मीच वाचून दाखवले होते, बारा वर्षांची असताना. एक ओळ सुटली, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तू म्हणालीस, "शाब्बास गं, एकही चूक नाही!" आणि मी कागद मिटून ठेवले.

ती ओळ धरली की तुझा निष्कर्ष उलटतो. मी तीनदा तपासलं.

माझ्या पहिल्या लेखात मी तसं लिहिलंय. चूक कुणाची, ते मात्र लिहिलं नाही. लेख आज सकाळी प्रसिद्ध झाला.

तुझ्या लेखाचा कुणी नवा संदर्भ दिलेला दिसला की तू लगेच मला फोन करून विचारतेस, "ओळख पाहू, कोण?"

आत्ता फोन वाजतोय.

तुझीच,
चिमणी