कुंड्यांतले केस

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गुडघ्याचं ऑपरेशन उरकून परवा घरी आले. तीन जिने चढले, दोनदाच थांबले. हे तुझ्या बायकोला मुद्दाम सांग, म्हणजे ताईंना एकटं राहणं जमायचं नाही हे पालुपद ती जरा आवरेल.

आता मुद्द्याचं. महिनाभर चावी तुझ्या हाती दिली ती गॅलरीतल्या अकरा कुंड्यांसाठी. दोन वर्षं टोमॅटो-वांगी घेऊन माती थकली होती. वर पांढरा थर, खाली विटेसारखी घट्ट. ती उपस, जुनी मुळं काढ, उन्हात पसर आणि कुजलेल्या पाल्याचं खत मिसळ, एवढंच सांगितलं होतं. काल पहिली कुंडी उलटी केली तर हातात काय यावं? केस! भिजलेले, कुबट, कलप लावलेले, दाढीच्या फेसाने चिकटलेले परक्या माणसांचे केस. वीतभर थर. पाणी खाली उतरलंच नाही, वरच साचून सडलं, त्यात किडे वळवळत होते. मी तिथेच ओकले. हात किती वेळा धुतले त्याला गणती नाही, तरी घास तोंडाशी नेववत नव्हता. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. कापडावर एक केस दिसला तरी मशीन थांबवणारी मी. तुला हे ठाऊक नाही?

चावी ताबडतोब परत पाठव. आशीर्वाद आहेत, पण सध्या लांबूनच.

तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून ठेवून वाचलं. फेस सुकला, पण पत्र संपेना. अगं, केस म्हणजे मातीला खुराकच. दुकानात रोज गोळा होतात, तेच आणून घातले. तुझी नाक मुरडायची खोड जुनीच. दुधावर साय दिसली तरी पळायचीस.

एवढी किळस येत असेल तर त्या अकरा कुंड्या दे टाकून आणि इकडेच राहायला ये. मागची खोली रिकामी आहे. खिडकीत दोन कुंड्या आरामात मावतील. हिनेही निरोप सांगितलाय की पलंग लावून ठेवलाय. चावीचं बघतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दुसरी कुंडी उपसली. तिसरीही. सगळीकडे तेच. नाकाला पदर बांधून बसते, तरी तो वास डोक्यात जातो. रात्रीच्या वरणातसुद्धा तोच वास येतो.

हातांनी उपसत असताना एक गोष्ट आठवली. तुझ्या दुकानामागे भेंडी लावली आहेस. गेल्या वर्षी तूच मला शिकवलंस की केस बारीक कातरून कुंडीला चिमूटभर घालावेत, जास्त झाले की चटई होते. मग माझ्या कुंड्यांत गोणी कशी रिती झाली? खरं लिही. गोड बोलून पलंगाच्या गोष्टी सांगू नकोस.

ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहितो. मुद्दाम घातले.

गुडघा मोडून तू घरात पडलीस त्या दिवशी दाराला लॅच होतं आणि दुसरी चावी कोणाकडेच नव्हती. कोणाला द्यायची नाही हा तुझा हट्ट. सुतार येईपर्यंत दोन तास मी दाराबाहेर तुझं कण्हणं ऐकत उभा होतो. तुला तिथून हलवायचं तर त्या कुंड्या मध्ये येतात. म्हटलं, इतकी शिसारी यावी की तूच त्यांना लाथ मारशील. गोणी वर चढवताना मला माझीच घाण वाटत होती.

मला भीती वाटते, ताई. चावी सोबत पाठवत आहे. रागाव, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.

धाकटा

दि. २० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुझ्या बायकोने वाचण्यासारखं नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते तू अक्षरशः केलंस. केसांची किळस साबणाने गेली. तुझी अजून पुरती गेलेली नाही.

माती मात्र टाकली नाही. चादरीवर पसरून उन्हात तापवली, किडे चिमट्याने वेचले, चाळणीने चाळली. केस शिवण उसवावी तसे एकेक ओढून काढले. दोनदा ओकले. शेवटी मूठभर केस गरम पाण्यातून काढून जुन्या कात्रीने बारीक कातरले आणि खताबरोबर परत मिसळले. सांगताना जीव जळतो, पण माती इतकी भुसभुशीत कधीच नव्हती. घेवडा आठवडाभरात वर आला.

मी तिकडे राहायला येणार नाही. हा विषय संपला. पण तुझ्या पत्रातली भीतीची ओळ मी बऱ्याचदा वाचली. तेवढंच आधी बोलला असतास तर एक गोणी केस वाचले असते. दुकान बंद असेल त्या दिवशी ये, पाण्याच्या बादल्या मला उचलवत नाहीत.

पाकीट जड लागेल, दचकू नकोस. आत केस नाहीत. चावी आहे, तुझ्याकडेच ठेव.

तुझी ताई