बिनबियांची द्राक्षं

लालबाग,
६ एप्रिल २०२४

प्रिय श्रेया,

अनेक आशीर्वाद. हैदराबादेत ऊन कडक असेल, डोकं झाकून बाहेर पडत जा. इथे आम्ही बरे आहोत. माझ्या मयूरची परीक्षा संपली. आईच्या साड्या शेजारच्या शांताकाकूंनी घड्या घालून ठेवल्यात, तुला कुठली हवी ते कळव.

फोन तू उचलत नाहीस. बरोबरच आहे. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेतल्या बियाण्यांनीच आईला खाल्लं." तू भरलं ताट ठेवून उठलीस. जिन्यावरून तुझी बॅग आपटत खाली जाताना ऐकत होते. एक हाक मारली नाही.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हापासून मला नुसतं बसवत नव्हतं गं. डॉक्टरांचं ते करत होते, मी काय करणार? मोबाईलवर व्हिडिओ बघत बसायचे. मग ठरवलं, घरात फक्त सेंद्रिय. खालच्या बाजारातली वांगी बंद, चकचकीत टोमॅटो बंद. तू किती समजावलंस. "ताई, आपल्याकडे वांग्या-टोमॅटोत जीएमला, म्हणजे जनुकं बदललेल्या बियाण्याला, परवानगीच नाही. फवारणीची भीती वाटते तर नीट धुऊन दे. पण तिला खाऊ दे." मला वाटलं, तू तुझ्या नोकरीची बाजू घेतेयस.

आई गेली त्या संध्याकाळी तू आलीस आणि आधी विचारलंस, "शेवटी काय खाल्लं तिनं?" मी म्हणाले, "पपई. आवडीनं खाल्ली."

ते खोटं होतं.

दोन दिवस ती पाण्यावरच होती. डॉक्टर म्हणाले होते, जे मागेल ते द्या. शुक्रवारी खाली द्राक्षांची गाडी आली. ओरडणं ऐकून आईनं डोळे उघडले. "सुमा, माका चार द्राक्षां दी गो." किती दिवसांनी काहीतरी मागितलं तिनं! आणि मी म्हणाले, "आई, त्यात बी नसते. बी नसलेलं फळ म्हणजे जीएमच. मी चांगली आणते."

दादरला हितेंद्रच्या सेंद्रिय दुकानात गेले. तो म्हणाला, माल सोमवारी येईल. घरी येऊन आईला तसं सांगितलं. "बरां," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. रविवारी सकाळी गेली.

परवा पुन्हा त्या दुकानात गेले होते. समोर द्राक्षांची पेटी. एक फोडून बघितलं, आत बी नाही. मी हितेंद्रला म्हटलं, "ही कसली रे सेंद्रिय?" तो हसला. "काकू, ही जातच बिनबियांची. कलमं लावतात. गाडीवर मिळतात ती पण असलीच, फरक खताचा न् फवारणीचा. जीएमचा काय संबंध?"

मी तिथेच कांद्याच्या गोणीवर बसले. त्यानं पाणी दिलं. चक्कर आली म्हणून सांगितलं.

अजून एक राहिलंय. ते लिहिता येईना म्हणून हे पत्र तीनदा फाडलं. त्या शुक्रवारी मी नाही म्हटल्यावर आई म्हणाली होती, "श्रेयाक फोन लाव. ती शिकलेली आसा, ती सांगतली."

फोन माझ्या हातातच होता. "ती कामात असेल," म्हणाले मी. तू कामात असशील म्हणून नव्हे गं. तू "दे" म्हणशील, हे मला ठाऊक होतं.

माफ कर, असं लिहायला हात धजत नाही.

तुझी,
तुला अजून ताई म्हणावंसं वाटलं तर,
सुमाताई