बाबांच्या बाटलीतलं गुलाबी

३ मार्च
महिनाअखेर प्रयोगशाळेतलं कपाट रिकामं करा, विभागप्रमुख बाई सांगून गेल्या. खिडकीजवळचं, काचेच्या दाराचं. त्यात बाबांची बाटली! अकरा वर्षांपूर्वी ज्या गरम झऱ्यातून त्यांनी तिच्यातले जिवाणू आणले, तिथं आता वाहनतळ आहे. उरले असतील तर एवढेच. बाबांना हल्ली दिसत नाही. जेवताना रोज तेच — "आहे ना गं माझं ते? बरं आहे ना?" मी आपली मान डोलावते, मग आठवतं, तोंडानं सांगायला हवं. खरं तर इतक्या वर्षांत तपासलंय कुणी?

लेबलवर त्यांच्या अक्षरात 'गुलाबी'. आतलं तपकिरीकडे झुकलेलं. वयानं होत असेल.

थोडं नव्या बाटलीत ताज्या खाद्यात घालून दिव्याखाली ठेवलं.

४ मार्च
बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेतला. लेझर पूर्ण जोरात सोडला. पडद्यावरच्या आलेखात पहिल्या फेरीत शिखरं, दुसरीत निम्मी, तिसरीत सपाट. यंत्र सांभाळणारे काका म्हणाले, "मॅडम, बघताय की भाजताय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ मार्च
जोर शंभराव्या हिश्श्यावर आणला. आधी सिलिकॉनच्या तुकड्यावर यंत्र तपासलं; त्याची रेघ ठरलेल्या आकड्यावरच यावी लागते, आली. मग नवा थेंब.

तीन शिखरं उभी राहिली.

जिवाणूंतला ऊन खाणारा रंग! डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवातले अणू थरथरतात आणि ती थरथर माझ्या पडद्यावर उमटते. इतकी वर्षं हेच काम करतेय, तरी अंगावर काटा आला. काकांनी खुर्ची ओढली आणि तेही बघत बसले.

सर्वांत उंच शिखर कुठं येतं त्यावरून रंग ओळखायचा. माझं १५२३ वर. बाबांच्या तेव्हाच्या वहीत १५०८. त्यांचं यंत्र जुनं, चालायचंच.

११ मार्च
दिव्याखालची बाटली गढूळली. वाढतंय! जिवंत आहे!

१२ मार्च
आलेखावर डिंकानं दोरा चिकटवला, बाबांच्या बोटांसाठी. उंच शिखराखाली १५०० पासून दर दहावर एक गाठ.

१३ मार्च
बाबांचं बोट उंच शिखरावर थांबलं. खालच्या गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"सिलिकॉन तपासला होतास?"
"हो. बरोबर होता."
"मीही तेव्हा तपासला होता. मग रंगच वेगळा, हे माझं नाही गं. माझं केव्हाच गेलं."
बोट अजून तिथंच.
"अकरा वर्षं माझ्या लेबलाखाली हे कोण जगलं?"