बिनवासाचं क्रीम

४ मार्च
आईचे गाल पुन्हा लाल! आणि लावते काय, तर तेच गुलाबाच्या वासाचं क्रीम, लग्नापासूनचं! आज बरणी हिसकावून घेतली आणि मागचं लेबल वाचलं. परफ्यूम, रंग, वर अल्कोहोल. कोरड्या आणि नाजूक त्वचेला याहून वाईट काय असणार? तर म्हणते, "तुझ्या जन्माआधीपासून लावतेय, मेले नाही अजून." मी दिवसभर कॉस्मेटिक्सच्या दुकानात काउंटरवर लोकांना शहाणपण विकते आणि घरात ही अवस्था.

६ मार्च
तेलकट चेहऱ्याचे एक गृहस्थ शिया बटरवालं मॉइश्चरायझर घेऊन निघाले होते. अडवलं. म्हटलं, बटर पावाला लावा, तुम्हाला नायासिनामाइडचं जेल. ते हसले, आणि जेल घेऊन गेले. मग आईसाठी निवडायला बसले. सहा क्रीमं समोर मांडली, लेबलं वाचून वाचून डोळे दुखले. शेवटी सेरामाइड आणि ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर, आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. दोन्ही बिनवासाची. झिंकने चेहरा जरा पांढरट दिसतो. दिसू दे, तिला कुठे मिरवायला जायचंय!
जुनी बरणी कचऱ्यात टाकली.
बाबांच्या खोलीत गेले तर लगेच मान वर – "दुकान आलं!" डोळ्यांनी दिसत नाही, ऐकू अर्धंमुर्धं, कालचं आज आठवत नाही. पण मला बरोबर ओळखतात. गंमतच आहे.

१५ मार्च
गाल निवळले! आईला कबूल करावंच लागलं – "हो बाई, तुझं खरं." जिंकले.

१९ मार्च
बाबांनी आज आईचा हात झटकला. "तुम्ही कोण? आमच्या हिला बोलवा." आई हसत म्हणाली, "हीच आहे तुमची, दुसरी कुठून आणू?" ऐकेनात. उशी फेकली.

२ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतोय, मनाची तयारी ठेवा. आई हल्ली हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. परकी बाई खोलीत आहे म्हणून बाबांचा डोळा लागत नाही. भरवायला जाते ती त्यांची 'नर्सबाई' होऊन. आज ऐकलं – "नर्सबाई, तुम्ही चांगल्या आहात हो. पण आमची ही कुठे गेली? माझ्यावर रागावली का?" आई म्हणाली, "येईल हं." बाहेर आली आणि घासलेली भांडी परत घासायला लागली.
चेहरा मात्र नितळ. एक डाग नाही.

२० एप्रिल
आज सुट्टी. सावकाश आंघोळ केली, बाबांपाशी जाऊन बसले.
"कोण?"
"बाबा, मी. दुकान!"
"छे, दुकान असं नसतं."
हसून सोडून देणार होते. मग स्वतःचीच बाही हुंगली. आज माझ्या अंगाला काउंटरवरचा एकही वास नव्हता! वासावरून ओळखतात ते. मला – आणि आईला. इतके दिवस 'दुकान आलं' ऐकत होते, आणि मला, वासाचाच धंदा करणारीला, कळलं नाही. सेरामाइड कळलं, झिंक कळलं. त्यांच्यापुरता आईचा चेहरा मीच पुसून टाकला.

२१ एप्रिल
आमच्या दुकानात ते क्रीम कधीच बंद झालंय. अर्धं शहर पालथं घातलं. शेवटी बसस्टॉपमागच्या केमिस्टकडे खालच्या फळीवर धूळ खात पडलेल्या दोन बरण्या मिळाल्या. "हे अजून कोण लावतं हो?" म्हणाला. दोन्ही घेतल्या.
घरी आईला सगळं सांगितलं. रडू आवरेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझ्या चांगल्यासाठीच केलंस ना," एवढंच म्हणाली. मी बजावलं, गळ्याला लाव, गाऊनच्या कॉलरला लाव, चेहऱ्याला अजिबात नाही. लावून आत गेली. मी दारात उभी.
बाबा बोलता बोलता थांबले. हात चाचपडत तिच्या गालापर्यंत आला.
"कुठे होतीस इतके दिवस?"
"इथेच होते."
मला तिथे उभं राहवेना. महिना! महिनाभर ते तिची वाट बघत होते आणि ती समोर घास घेऊन बसलेली होती. हा महिना मी त्यांना कुठून आणून देऊ?

९ मे
गाल परत लाल. म्हणजे चेहऱ्यालाच लावतेय! भांडले तिच्याशी. "आई, गळ्याला म्हटलं होतं ना? आग होत असेल."
"छे, काही होत नाही. आणि ते गालावरून हात फिरवतात, मग तो हात हुंगतात. गळ्यावरून कोण हात फिरवतं?"
लाजली की काय, त्या लालीत कळेना.

३० मे
खोलीत दोघांच्या गप्पा चालल्यात. तीच गोष्ट, पुन्हा पहिल्यापासून. आई दर वेळी नव्याने हसते. दुसरी बरणी अर्धी झाली.

१८ जून
बाबांना जाऊन आठवडा झाला. सकाळी आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. गाल सोललेले. म्हणाली, "ते तुझं बिनवासाचं कुठे ठेवलंयस? दे आता. फार आग होते गं."