नोकरीवालाच पाहिजे

१२ जानेवारी, रविवार
पुन्हा नकार! शिरपूरच्या मुलीची आई काल आमच्याकडे खापरावरच्या दोन पुरणपोळ्या खाऊन गेली. नवनीतची केळीची बाग हिंडली, घडांवर हात फिरवला, "छान हो, छान!" केलं. आणि आज स्थळं जुळवणाऱ्या सरलाबाईंकडून निरोप — "पोर म्हनस, नोकरीवालाच पाहिजे."
एकोणतीस पूर्ण झाली माझ्या लेकाला. शेतकीचा पदवीधर. प्रकाशा भागात त्याच्यासारखी केळी कुणाची नाही. दारात गाडी. आणखी काय हवंय ह्या लोकांना? डोकं फिरलंय माझं.
नवनीत मात्र जेवला आणि ठिबकच्या नळ्या बघायला गेला.

१४ जानेवारी
संक्रांत. तोंड गोड करायची इच्छा नाही.

१९ जानेवारी
सरलाबाईंचा फोन, या वेळी आमच्या लेकीसाठी, काजलसाठी. सारंगखेड्याचा मुलगा, एकुलता एक, बागायती शेती, सुपारीचंही व्यसन नाही. मी पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, "शेतीवाल्याकडे नाही हो द्यायची माझी पोर. बी.एस्सी. केलंय तिने, ते काय शेण काढायला?"
फोन ठेवून वळले तर दारात नवनीत!
"तुझं वेगळं रे," म्हटलं.
हसला. "हां, मन्हं येगळं शे."
जेवताना हे म्हणाले, "आपन आपली पोर देत नही, मंग आपला नवनीतले कोन दी?" मी ताट सरकवलं. तीस वर्षं लाइट येईल तेव्हा उठले मी, ह्यांच्याबरोबर शेताला पाणी भरलं. पोरीने पंख्याखाली बसून खावं असं वाटलं तर काय चुकलं माझं?

२० जानेवारी
विचार जात नाही. माझे वडील ग्रामसेवक. पगाराच्या दिवशी घरात जिलबी यायची. पाऊस पडो न पडो, जिलबी यायचीच! आता नोकऱ्या तशा कुठे राहिल्यात? भाच्याला पुण्यात कंपनीने एका सकाळी घरी पाठवलं. सगळं कळतं मला. तरी 'नोकरी' म्हटलं की जीव निवतो.

२ मार्च
नवनीतने सुरतला नोकरी धरली! कापडाच्या गोदामात सुपरवायझर. त्या पगारापेक्षा जास्त पैसे तर बागेतल्या मजुरीला जातात. "वेडा झालास का?" म्हटलं. म्हणे, "बायोडाटामा लिखाले तं व्हई!"
दुपारच्या गाडीने गेला. बाग आता हे आणि सालदार भिला बघणार. ह्यांचे गुडघे कसले साथ देताहेत! खांडबारा स्टेशन आलं म्हणून त्याने फोन केला. रडू आलं.

१६ मार्च
बायोडाटा नव्याने टाइप करून घेतला. नोकरी वर, शेती खाली. लाज वाटली. सरलाबाईंना पाठवला.

२३ मार्च
शिरपूरचा होकार! सरलाबाई पेढे मागताहेत. हातातलं पीठ न धुता नवनीतला फोन लावला — "पसंत केलं रे तुला त्यांनी!"
गोदामातल्या गलक्यातून म्हणाला,
"माय, आते तरी मी तुले पसंत शे ना?"