टोपणाला गेलेला तडा

बाबा,

तुमचं आणखी एक पेन आज परत आलं. तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली, तरी ती येतातच. या वेळी भवानीपूरचे म्हातारे वकील, खिशावर शाईचा डाग घेऊन, स्वतःचीच चूक असल्यासारखे ओशाळलेले. टोपणाच्या काठापासून वर चढलेला केसाएवढा तडा, नेहमीच्याच जागी. "बघते," म्हटलं. काय बघणार? मला संताप येतो, बाबा, आणि तो तुमचाच येतो.

हावड्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तड्याचं कारण शोधायला तुम्ही किती महिने घातलेत! काचेच्या नळ्यांत रेझिन ओतायचं, आळलं की कांडी काढायची, लेथवर पोखरायची, आटे पाडायचे. पेन शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं चमकायचं, आणि दोन-तीन महिन्यांत टोपण तडकायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमचा नियम. क्लिपची कडी सैल केलीत. भोक मोठं केलंत. हत्याराची धार बदललीत. दमट हवा लागू नये म्हणून कांड्या आठ-आठ दिवस स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या फळीवर ठेवल्यात. "आमटीत पडली एखादी, तर तुमच्याच पानात वाढीन हं," आई म्हणायची. तुम्ही हसायचात आणि वहीत नोंद करायचात. तुमच्या या चिकाटीचंच मला हसू यायचं. आता येत नाही.

रेझिन आळवणारं हार्डनर घालायचं काम माझं होतं, कारण तुम्हाला थेंब दिसेनासे झाले होते. कपभर रेझिनला दहा थेंब, मोठ्याने मोजून. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, आजोबा धान्य मापताना म्हणत तसं. मी बाटली घेऊन उभी आहे. थंडीचे दिवस आहेत. पाच वाजता बजबजच्या मिलच्या फाटकावर माझं भाषण आहे, नदी ओलांडून गाडी गाठायची आहे. आणि रेझिन घट्ट होईपर्यंत नळ्या हाताने फिरवत बसायचं आहे, नाहीतर मोत्याची पूड तळाला बसते. थंडीत त्याला तासभर लागतो. मी "लाभ" म्हणते आणि दोन थेंब सोडते. "दोन" म्हणते, पुन्हा दोन. आवाज खणखणीत, थेट दहापर्यंत. तुम्ही डोळे मिटून ऐकता, मान डोलावता. थोड्याच वेळात नळी हाताला चटका देते. "अरे वा, आज लवकर आळलं," तुम्ही खूश. "पळा आता, पुढारीणबाई. कामगार खोळंबलेत तुमचे." हे एकदा नाही, तो सगळा हिवाळा, आणि सवय लागल्यावर पुढेही.

इतकं तापून आळलेलं रेझिन आतून ताणलेलंच राहतं, आणि कधी दोन महिन्यांत, कधी कित्येक वर्षांनी आट्यांपाशी उलतं. हे पुस्तकातून कळायच्या आधी मी मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं होतं. छपरा गावाकडचे आपले मिस्त्री, अकरा वर्षं त्याच लेथवर आटे पाडणारे; आट्यांना ते चूडी म्हणत. त्या दिवशी तुम्ही त्यांच्यापुढे चार तडकलेली टोपणं मांडलीत.

"मिस्त्री, अब हाथ हिलता है तुम्हारा."

"चूडी हम ठीक काटे हैं, बाबू. माल में दोष है. ज्यादा गरम होके जमता है."

"माल बेटी गिन के डालती है. हम अपने कान से सुनते हैं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. लेथपाशी बसलेल्या माणसाला माझा हात स्वच्छ दिसत असे. मी वहीत डोकं घातलं. "तो फिर हमारा ही हाथ होगा, बाबू," एवढं बोलून त्यांनी गमछा खांद्यावर टाकला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. ते गेले त्याच संध्याकाळी मी बजबजला कामगाराच्या हाताच्या प्रतिष्ठेवर बोलले. इतक्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत.

मग तुम्ही स्वतः आटे पाडलेत. टोपणं तडकतच राहिली. तुम्ही म्हणालात, "माझाही हात हलतो म्हणायचा," आणि लेथवर कापड टाकलंत. अहो, एका वेळी एक गोष्ट बदलणारे तुम्ही! कडी बदलली, भोक, धार, हवा, मिस्त्री, शेवटी स्वतःलासुद्धा दोषी ठरवलंत. मोजणारी बदलून पाहावी असं एकदाही मनात आलं नाही? एक दिवस ती बाटली आईच्या हातात दिली असतीत, तरी पुरे होतं! आंधळा विश्वास हा अन्यायाचा सख्खा भाऊ आहे, असं मी सभांतून ओरडून सांगते. लोकांना वाटतं मी सरकारबद्दल बोलतेय. मी तुमच्याशी भांडत असते. पोटच्या पोरीचा आवाज ऐकलात आणि अकरा वर्षांचा हात नाकारलात. हा कुठला न्याय, बाबा?

मिस्त्री हयात आहेत. शिवपूरला मुलाकडे असतात. मागे एकदा घाटावर दिसले, तेव्हा मी ती बोट सोडली आणि पुढची धरली. त्यांचा पत्ता मी मिळवून ठेवला आहे. हिंदी मला उत्तम लिहिता येतं, तीही अडचण नाही. तरी कागद पुढे ओढला की दर वेळी वर "बाबा" असंच लिहिते, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.