उद्याचा समाज आणि दातवाला

२ जून, रविवार
वाचक मंडळाची बैठक, मास्तरच्या घरी. मास्तर आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो भूगोल शिकवायला लागला, मी विमा कंपनीत चिकटलो, आणि निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून हे मंडळ काढलं. म्हणून त्याच्या शेजारची वेताची खुर्ची माझी. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

आज त्या खुर्चीत नवा सभासद बसलेला. दातांचा डॉक्टर. उठला नाहीच, वर म्हणतो, काका, तुम्ही इकडे बसा ना, आणि दाराजवळचं स्टूल दाखवलं. मी काका! मास्तरला मात्र 'सर'. आम्हा दोघांत मोठा मास्तर आहे, चार महिन्यांनी. स्टुलावर बसून पाठ धरली.

पुढचं पुस्तक ठरलं. येत्या काळात समाजापुढे काय काय वाढून ठेवलंय, त्यावरचं. उशीसारखं जाड. महिनाअखेरीस कुणीतरी त्यावर बोलायचं. मी लगेच हात वर केला. पुढे काय वाईट होणार ते लोकांना सांगणं हाच जन्मभर माझा धंदा होता. दातवाल्याचाही हात वर जात होता, मी पाहिलं. चष्मा सारखा करायला, असं आमची ही म्हणते. हिला काय कळतंय, ही तिथे नव्हतीच.

संकल्प: रोज चाळीस पानं. कमी नाही.

३ जून
प्रस्तावना वाचली. दमदार. चांगल्या पुस्तकाचं सगळं सार प्रस्तावनेतच असतं.

५ जून
वाचायला सवड नाही, भाषण लिहायचंय. विषय पक्का: 'उद्याचं महासंकट, एकटेपणा'. यंत्रं हुशार होतील, पाणी आटेल, नोकऱ्या जातील, ते सगळं होईल ते होईल. पण माणसाचं माणूस ऐकणार नाही, हे खरं संकट! वाक्य माझं आहे. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर साधारण असंच काहीतरी आहे, पण पातळ.

ही दोनदा येऊन काहीतरी सांगून गेली. नळाबद्दल असावं.

६ जून
मास्तरचा फोन. संध्याकाळी येत जा, थोडं वाचत बसू, म्हणाला. म्हटलं, अरे, वाचन ही एकट्याने करायची गोष्ट, आणि मी सध्या एकटेपणात आकंठ बुडालोय. भाषणाची सुरुवात वाचून दाखवली. शेवटी पलीकडून काही आवाजच येईना. भारावला असणार.

९ जून, रविवार
विश्वासच बसत नाही. बाजाराच्या रस्त्यावर समोरून मास्तर आला, दातवाल्याचं कोपर धरून. मी थांबलो, हसलो. मास्तर ओळख न देता सरळ पुढे गेला! दातवाल्याने मात्र मान हलवली, मोठेपणा दाखवायला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही दिसला नसाल त्यांना. पाच फुटांवरून? माझ्या आकाराचा माणूस? मागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय.

१२ जून
हल्ली संध्याकाळी मास्तरच्या गल्लीतून फिरायला जातो. बघायला नव्हे, फिरण्याने रक्तदाब ताब्यात राहतो. रोज दातवाल्याची स्कूटर बाहेर. खिडकीतून दिसलं (आपसूक दिसलं): दातवाला आमचं पुस्तक उघडून मोठ्याने वाचतोय, मास्तर डोळे मिटून मान डोलावतोय.

आता लक्षात आलं. माझ्या भाषणावर याचं भाषण चढवायचं आणि तयारी करून घेतोय कोण, तर माझा बालमित्र! आत्तापर्यंतच्या मैत्रीचं हे फळ. रक्तदाब वाढलेला.

१३ जून
पुन्हा मास्तर फोनवर. तुला एक सांगायचं होतं, अशी सुरुवात. मी मनात म्हटलं, आलं हे, आता भाषण सोड म्हणणार. त्याला पुढे बोलूच दिलं नाही. दुसरा भाग, 'यंत्रं आणि आपण', वाचून दाखवला, अगदी थंडपणे. छान आहे, म्हणाला आणि ठेवला फोन. नाकाला मिरच्या झोंबल्या असणार.

१७ जून
दाढ ठणकतेय. त्या माणसाकडे मेलो तरी जाणार नाही. बसने तासाभरावर दुसरा डॉक्टर आहे.

१८ जून
दुसरा डॉक्टर गावाला गेलाय. गाल सुजला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पुस्तक राहिलं, पण अशा अवस्थेत कुणीही वाचणार नाही.

३० जून, रविवार
भाषण झालं. सव्वा तास बोललो. मध्ये एकदा थेट दातवाल्याकडे बघून म्हटलं, उद्याच्या समाजात काही लोक म्हाताऱ्या माणसांच्या घरात जिव्हाळ्याचा आव आणून शिरतील, त्यांच्यापासून जपा! कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर्मी बसलं की लोक गप्प होतात.

नंतर ग्रंथपालबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. त्या मंडळाच्या चिटणीस, जरा कडकच. दबक्या आवाजात म्हणाल्या, मास्तरांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, मधलं दिसतच नाही. ना अक्षर, ना समोरच्याचा चेहरा. डॉक्टर रोज दवाखाना बंद करून येतात आणि त्यांना पुस्तक वाचून दाखवतात. मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यांना! मी तसाच मास्तरकडे गेलो. मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं. तो हसला.

"दोनदा फोन केला होता अरे. दोन्ही वेळा तू भाषण वाचून दाखवलंस."

१ जुलै
जेवण गेलं नाही. त्याच्या डोळ्यांचं वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण त्याहून जास्त लागलंय ते हे, की दातवाल्याला आधी कळलं. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

संकल्प: यापुढे मास्तरला मी वाचून दाखवणार. आवाज माझा दातवाल्यापेक्षा भारदस्त आहे. शिवाय तो गुरुवारपासून आठवडाभर कुठल्याशा दातांच्या परिषदेला चाललाय. सुंठीवाचून खोकला गेला!

४ जुलै, गुरुवार
मास्तरकडे गेलो. अकराव्या प्रकरणापासून वाच, म्हणाला. मी प्रस्तावनेपासून सुरुवात केली, कारण ती मला चांगली येते. ती झालीय, म्हणाला. मग अकरावं घेतलं. दर परिच्छेदानंतर मुद्दा उलगडून सांगत होतो, नाहीतर नुसत्या वाचनाला काय अर्थ? थोड्या वेळाने त्याने विचारलं, हे पुस्तकात आहे की तुझं? अभिमानाने म्हटलं, माझं. मग पुस्तकातलं वाच, म्हणाला.

वाचलं. मध्येच विमा कंपनीतला एक किस्सा निघाला, तो सांगावाच लागला. तासाभरात दीड पान झालं. निघताना मास्तर म्हणाला, डॉक्टर कधी येणार रे परत? जिन्यावर उगीचच पायाला ठेच लागली.

५ जुलै
सकाळी दातवाल्याचा फोन. काका, सर म्हणाले तुमच्या घशाला फार त्रास होतो. असं करू, इथलं काम आटोपलं की मी फोनवरून वाचत जाईन. सरांना त्या फोनची बटणं दिसत नाहीत, तेवढा फोन तुम्ही उचला आणि त्यांच्यापुढे धरून बसा.

नाही म्हणणार होतो. शब्द तयार होते. पण नाही म्हटलं असतं, तर फोन धरायला ग्रंथपालबाई आल्या असत्या.

धरला. हाताला रग लागली, हात बदलला. मास्तर डोळे मिटून मान डोलावत होता, त्या दिवशी खिडकीतून दिसलं तसाच. म्हातारी माणसं आणि त्यांच्या घरात येणारी यंत्रं असा मुद्दा चालला होता. त्यावर माझं एक मत आहे. सांगायला तोंड उघडलं, तर मास्तरने डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऐक," म्हणाला.

ऐकलं. वाचतो छान, लेकाचा.